एकट्यापुरतं छप्पर

एकट्या माणसाला माळावर रात्र काढायची असेल तर त्याच्या डोक्यावर काय असावं, हा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटेल. ज्याला घरदार आहे त्यानं माळावर जावंच कशाला, असंही कोणी विचारील. आमच्या घरी हा दुसरा प्रश्न गेली पंधरा वर्षं विचारला जातो आहे, आणि त्याला पटण्यासारखं उत्तर मला देता आलेलं नाही. म्हणून मी पहिल्या प्रश्नाच्या मागे लागलो. त्याचं उत्तर निदान तोलता येतं, मोजता येतं, शिंप्याकडून शिवून घेता येतं.

गावात म्हणतात, गुर्जी शिकारीला जातात. हा शब्द आमच्या घराण्यात चुलत आजोबांपासून चालत आला आहे. ते खरे शिकारी. निजामाच्या अमदानीत त्यांच्यापाशी ठासणीची बंदूक होती. पुढे ती सरकारजमा झाली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाल्यावर तर प्रश्नच मिटला. माझ्या हातात बंदूक नाही. एक वही, एक जुनी दुर्बीण आणि भाकरीचं फडकं एवढं घेऊन मी जातो, वाऱ्याचा अंदाज घेऊन कुठंतरी पडून राहतो, आणि काय येतं ते पाहतो. कधी कोल्हा येतो, कधी रानडुकरांचं लेंढार येतं, कधी हरणं. पुष्कळदा काहीच येत नाही. तरी शिकारीचे सगळे नियम मला लागू आहेत: आवाज नको, वास नको, हालचाल नको, आणि सोबत माणूस नको. दोन माणसं असली की बोलणं होतं.

शिरूर अनंतपाळ हे लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. घरणी नदीच्या आसपासची रानं काळी आणि कसदार. तिथून वर चढलं की बालाघाटाच्या पठाराचा मुरमाड माळ लागतो, कुसळी गवत आणि बोरी-बाभळींचा. आमचं थोडं पडीक रान या माळाच्या कडेला आहे, ते माझं शिकारीचं जंगल. (सरकारी वनात रात्री मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती घेतलीच पाहिजे.) गावाच्या नावात पाळ आहे, पाल नव्हे. पण शाळेत एखादं पोर शुद्धलेखनाची चूक करून 'अनंतपाल' लिहितं, तेव्हा माझ्या मनात येतं की अनंताचं पाल म्हणजे आभाळच की! मी तांबड्या शाईनं दुरुस्ती करतो, पण गुण कापत नाही.

तर हे आभाळ थंडीत आणि पावसात अपुरं पडतं. मग काय घ्यावं?

चुलत आजोबांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांचं उत्तर एकच होतं: "शिकाऱ्याचं घर म्हंजी घोंगडं." दख्खनी मेंढरांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, तिचं सूत कातून खड्ड्याच्या मागावर घोंगडं विणतात, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्यानं फासतात. त्या खळीनं नवं घोंगडं पत्र्यासारखं ताठ असतं. ते अंगाला ओरबाडतं, त्याला मेंढरांचा उग्र वास येतो आणि सुनेच्या पहिल्या वर्षासारखं ते कुणाशी जमवून घेत नाही. दोन-चार वर्षं गेली की मऊ पडतं आणि मग सोडवत नाही.

घोंगड्याचे गुण मी पुष्कळ तपासले आहेत. ते अंथरायला होतं, पांघरायला होतं. काठी रोवून तिच्यावर टाकलं तर आडोसा होतो. पावसात एका टोकाची घडी आत खुपसून खोळ केली की डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत माणूस झाकतो. सगळ्यांत मोठा गुण म्हणजे त्याला आवाज नाही. कूस बदला, हात काढा, दुर्बीण उचला. लोकर बोलत नाही. काळा-करडा रंग दगडात आणि अंधारात मिसळून जातो. भिजलं तरी लोकर अंगची ऊब सगळी सोडत नाही. सुती चादर भिजली की माणूस गारठतो. आणि त्या वासाचंही एक आहे. मेंढरांचे कळप माळावर रोज हिंडतात, तेव्हा रानाला तो वास परका नाही, माझ्या साबणाचा मात्र परका आहे.

पण दोषही सांगितले पाहिजेत. माझं घोंगडं, आबांचंच ते, मी आडतीवर नेऊन काट्यावर घातलं. कोरडं २ किलो ६०० ग्रॅम भरलं. मग एका पावसाळी रात्रीनंतर पुन्हा नेऊन घातलं तर पाच किलोंच्या पुढं! आडत्यानं विचारलं, "गुर्जी, लोकर इकायलाव का घोंगडं?" झिमझिम पाऊस ते अडवतं, पण रात्रभराची झड अडवत नाही. सुकायला दोन दिवस लागतात. धनगराला चालतं, कारण धनगर चालता राहतो, त्याच्यापाशी शेकोटी असते, कुत्री असतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपानं आली. त्यातल्या मास्तराचा मला फार दिवस हेवा वाटत आला आहे. पण त्याचा मुक्काम धनगरांच्या वस्तीत होता. एकट्यानं, विस्तवाशिवाय, एका जागी पडून राहायचं तर घोंगडं अंगाखाली हवं आणि डोक्यावर दुसरं काहीतरी हवं, एवढं माझं ठरलं.

दुसरं म्हणजे काय, यावर गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, मचाण बांधा. जोंधळ्याच्या रानात पाखरं राखायला चार खांबांचा माळा असतोच. पण मचाण आज इथं आणि उद्या तिथं नेता येत नाही, आणि माझ्या माळावर मचाण पेलेल असं झाडही नाही. कुणी म्हणालं, तुराट्यांची खोप करा. खोप उत्तम, उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. तिच्याबद्दल पुढं सांगायचं आहे. पण तीही जागची हलत नाही, आणि जागा न हलवता शिकार होत नाही. डुकरं आज या ओढ्यानं उतरली म्हणजे उद्याही याच ओढ्यानं उतरतील, असा त्यांनी कुणाला शब्द दिलेला नाही.

खरी विद्या मला एका म्हाताऱ्या पारध्यानं शिकवली. पूर्वी गायरानाच्या कडेला वर्षातून काही दिवस पारध्यांची चार-सहा पालं पडत. फासेपारधी म्हणजे तितर-लाव्ह्यांना फास लावणारी जमात. आता तोही धंदा कायद्यानं बंद आहे. या म्हाताऱ्यानं धंदा सोडला होता, पण डोळा सुटलेला नव्हता. मी एकदा माळावर सुती सोलापुरी चादरीचा आडोसा करून बसलो होतो, तर हा येऊन शेजारी उकिडवा बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुर्जी, वारा कुनीकडून हाय?"

मी सांगितलं, ओढ्याकडून.

"मंग तोंड हिकडं का केलाव?"

मी म्हटलं, वारा पाठीवर घ्यावा, नाहीतर थंडी वाजते.

तो हसला. तेव्हा त्यानं मला जे सांगितलं तो या विषयाचा गाभा आहे, आणि तंबूंच्या कुठल्याही जाहिरातीत मला तो सापडला नाही. झोपणाऱ्यानं वाऱ्याकडे पाठ करावी. शिकाऱ्यानं वाऱ्याकडे तोंड करावं. कारण वारा जनावराकडून आपल्याकडे आला पाहिजे. आपल्याकडून त्याच्याकडे गेला तर आपला वास त्याला कळतो आणि ते फर्लांगभर आधीच वळतं. म्हणजे शिकाऱ्याच्या पालाचं तोंड नेमकं तिकडंच हवं जिकडून गारठा येतो, पाऊस येतो. एकाच माणसाला झोपायचंही असतं आणि शिकारही करायची असते. तो एक रात्र दोन माणसं असतो. तेव्हा पाल असं पाहिजे की त्याचं तोंड फिरवता येईल, आवळता येईल, वीतभर उघडता येईल. म्हाताऱ्यानं माझी चादर काढली, वाऱ्याकडची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवून दगडांना बांधली, मधे काठी दिली, मागची कड थेट जमिनीला टेकवली. आत पालथं पडलं की वीतभर फटीतून सगळा ओढा दिसत होता. "पाऊस आला की म्होरला दगुड काडायचा," तो म्हणाला, "मंग तोंड मिटलं."

खुंट्या त्यानं वापरल्याच नाहीत. मुरमात खुंटी शिरत नाही, आणि काळ्या रानात शिरते पण पाऊस झाला की लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. दगडाला दोरी बांधावी, आणि काळ्या रानात दगड नसेल तर पोत्यात माती भरून पुरावी.

मी विचारलं, पालाला कापड कसलं चांगलं? त्यानं उत्तर दिलं ते कापडाचं नव्हतं. "लई जड नगं. उठवाय आले की उठता आलं पायजे." कोण उठवायला येतं, हे मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का १९५२ साली सरकारी कागदांवरून पुसला गेला. पण गावात कुणाची कोंबडी गेली तरी लोक आधी गायरानाकडेच बघत. मी वजन कमी करीत होतो ते पाठ दुखू नये म्हणून. त्यानं कमी केलं होतं ते अर्ध्या रात्री पोरंबाळं, भांडी आणि घर एकदम उचलता यावं म्हणून. कापड निवडण्यात त्याचा अनुभव माझ्यापेक्षा पक्का होता यात आश्चर्य नाही.

छपराचं तोंड कुणीकडे असावं हे मला असं कळलं. छपराचं वजन किती असावं हे मात्र मला त्याच्या पुष्कळ आधी कळलं होतं, आणि ते शिकारीतून कळलेलं नव्हतं.

१९९३ साली मी दहावीत होतो. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी आमच्या नैर्ऋत्येला. आमच्याकडे भिंतींना चिरा पडल्या, एका खणाची तुळई सरकली, एवढ्यावर निभावलं. तिकडे गावंच्या गावं बसली. जवळजवळ ८ हजार माणसं गेली. माझी धाकटी मावशी औसा तालुक्यात दिलेली होती. त्या घरात पाच माणसं झोपलेली होती, त्यातली दोन राहिली. मावशी राहिली नाही.

आमच्याकडची जुनी घरं कशी होती हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि किलचांचं माळवद, आणि माळवदावर माती. गळती लागली की वर आणखी माती घालायची. बाप घालायचा, मुलगा घालायचा. असं करता करता फूट-दोन फूट थर होई. उन्हाळ्यात अशा घरासारखं सुख नाही. पण पुढं मास्तर झाल्यावर मी वर्गात पोरांना एक उदाहरण घातलं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद एवढी एका माणसाची झोपायची जागा. तिच्यावर दीड फूट माती. एक घनफूट माती साधारण ४५ किलो. तर झोपलेल्या माणसावर किती वजन आहे? पोरांनी गुणाकार केला: १२०० किलोंच्या वर. बारा क्विंटल. वर्गात कुणी बोललं नाही. मी तो प्रश्न पुन्हा कधी घातला नाही.

मावशीच्या घरचे जे तिसरे वाचले, म्हणजे घरात नसल्यामुळे वाचले, ते तिचे सासरे. ते जागलीला रानात होते, तुराट्यांच्या खोपीत. खोपही पडली. नंतर ते भेटायला आले तेव्हा पडवीच्या बाहेर उघड्यावरच बसले आणि आईला म्हणाले, "आंगावर पडली, झटकून उठलो. मंग गावाकडं बगितलं तर गाव दिसंना." एवढंच बोलले. आईनं पाणी दिलं, ते प्याले.

त्या दिवसांत आमच्या भागात कुणी घरात झोपत नव्हतं. वडिलांनी आडतीवरून गाडी झाकायची ताडपत्री आणली. कॅनव्हासची, डांबराच्या वासाची, दोन माणसांनी उचलावी अशी. बाजेच्या चार पायांना बांबू बांधून ती वर टाकली. अंगणात आम्ही दिवाळीपर्यंत त्याखाली झोपलो. त्या वर्षी आकाशकंदील लावायला ताडपत्रीच्या बांबूचं टोक होतं, तिथं लावला. सगळ्या गल्लीत अशाच ताडपत्र्या आणि असेच दोन-चार कंदील. नंतर माणसं हळूहळू आत गेली. आई गेली नाही. माळवद उतरवून पत्रे घातले तरी ती पावसाळा सोडून अंगणात झोपते. पावसाळ्यात पडवीत झोपते, दाराशी, पाय बाहेर करून. पुढं स्लॅब घालायची गोष्ट निघाली तेव्हा तिनं एकच विचारलं, "वर किती वजन यील?" स्लॅब नीट सळई घालून केला तर धोका नाही, हे मी तिला समजावलं. तिनं समजून घेतलं, आणि बाज अंगणातच ठेवली.

तेव्हा माळावरच्या माझ्या छपराची पहिली कसोटी मावशीच्या सासऱ्यांनी घालून दिलेली आहे: अंगावर पडलं तर झटकून उठता आलं पाहिजे. दुसरी पारध्याची: कुणी उठवायला आलं तर उचलून निघता आलं पाहिजे. तिसरी माझ्या पाठीची.

मग विकतचा तंबू का घेतला नाही? पाहिला, तोही पाहिला. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात इंजिनियर आहे आणि सुटीच्या दिवशी सह्याद्रीत गड चढतो. त्यानं दिवाळीला येताना आपला तंबू आणला, आणि आम्ही तो शाळेच्या मैदानावर उभा केला. पोरांनी वेढा घातला. इंग्रजी अमदानीत तंबूची जातच वजनावरून ओळखत, ४० पौंडी, ८० पौंडी. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो, आणि तो लहान समजला जाई! हा दोन किलोंचा होता. लवचीक कांबी, दोन आवरणं, जाळीचं दार, खाली शिवलेली जमीन. पाच मिनिटांत उभा राहिला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. कापडावर पाण्याची किती उंच धार उभी केली म्हणजे ते पाझरतं याचा आकडा पेटीवर छापलेला असतो, तो त्यानं मला समजावून सांगितला. विद्यार्थ्याकडून शिकताना मास्तराला जरा अवघडल्यासारखं होतं, पण विषय चांगला होता.

दोन रात्री मी तो माळावर नेला. तंबू म्हणून तो फार चांगला. पण त्याला तोंड एकच. वारा फिरला की सगळा तंबू उपटून फिरवायचा, तोही अंधारात. चेन उघडायची तर तिचा आवाज सशालासुद्धा पुरे. वाऱ्यावर कापड फडफडलं की हरणं मान वर करून उभी राहत. तंबू निळा होता. हरणांना तांबडा-नारिंगी रंग आपल्यासारखा कळत नाही, पण निळा चांगला दिसतो. शिकाऱ्यानं निळं छप्पर घेणं म्हणजे पाटी लावून बसणं आहे. आणि दारं लावून झोपलो तर पहाटे आतून थेंब ठिबकत होते. पाऊस नव्हता, माझाच श्वास. रात्रभरात माणूस पेला-दीड पेला पाणी श्वासावाटे आणि अंगावाटे सोडतो, ते थंड कापडावर बसतं. घोंगड्यात हे कधी कळत नाही, कारण लोकर ते गुपचूप पिऊन टाकते.

म्हणून शेवटी एक साधी चादर. विद्यार्थ्यानं पुण्याहून सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉनचं पातळ कापड पाठवलं, मातकट करड्या रंगाचं. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद. आमच्या शिंप्यानं मधे एक जोड घालून, कडा दुमडून, चारी बाजूंनी फासे शिवून दिले. त्याला हे कापड मुळीच आवडलं नाही. "गुर्जी, सुईखाली मासोळीवानी पळतंय," तो म्हणाला. सुईच्या भोकांतून पाणी येतं म्हणून जोडावर सिलिकॉनचा लेप बोटानं फासावा लागला, त्याचा वास घरात चार दिवस राहिला. ओलं झालं की नायलॉन सैल पडतं, तेव्हा पावसात एकदा उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर इतकं सैल होत नाही म्हणतात, पण मला जे मिळालं ते हे. खांब म्हणून हातातली काठी. सगळं मिळून, दोऱ्यांसकट, ६०० ग्रॅम.

आता खरी हरकत राहिली होती, ती आमच्या मंडळींची. "खाली काय?" त्यांनी विचारलं. खाली काहीच नाही, जमीन. "आणि मण्यार?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मण्यार रात्री फिरते, भुईवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणाशी येते, आणि चावली तरी पुष्कळदा वेदना अशी होत नाही. माणूस झोपेतच राहतो. यावर मी मनातल्या मनात घोळत होतो तोवर त्यांनी माळ्यावरून लेकीच्या लहानपणची मच्छरदाणी काढली, कापली, आणि एकट्या माणसापुरती शिवून माझ्यापुढं टाकली. ती काठीला आतून टांगायची आणि कडा घोंगड्याखाली चारी बाजूंनी नीट खोचायच्या. मण्यारीपासून जपायला याहून साधा उपाय नाही. तिचं वजन ३५० ग्रॅम. म्हणजे सगळं घर किलोच्या आत. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात घर मावलं, मग आमचं कशाला ठेवलंय?" मी गप्प बसलो.

गेली तीन वर्षं हे छप्पर मी वापरतो आहे. एक गोष्ट मात्र त्याच्या हातची नाही, आणि कुठल्याच तंबूच्या हातची नाही. ती म्हणजे वीज. वळवाच्या दिवसांत आमच्याकडे दरसाल माणसं आणि जनावरं विजेनं मरतात. माळावर उभी काठी रोवून तिच्याखाली बसणं, किंवा एकट्या झाडाखाली पळणं, दोन्ही सारखंच. गडगडाट ऐकू आला की मी थांबत नाही. ह्या वैशाखात तसं झालं. संध्याकाळी ओढ्याच्या पलीकडे लांडग्याचं जोडपं उतरताना दिसलं होतं. पंधरा वर्षांत दुसऱ्यांदा. वारा तोंडावर, फट वीतभर उघडी, अंधार पडायला अर्धा तास. मादी पाण्यावर आली, आणि मागं बोरीखाली काहीतरी हललं. पिलं असतील असं वाटलं. तेवढ्यात दक्षिणेला लकाकलं. मी आकडे मोजले. दहा होण्याआधी आवाज आला.

दुर्बीण खाली ठेवायला जीव होत नव्हता, हे मी लपवीत नाही. पण दोन दगडांच्या गाठी सोडल्या, काठी काढली, कापड मुठीत गोळा केलं, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि उताराला लागलो. घड्याळ लावलं नव्हतं, पण दोन मिनिटांहून अधिक लागली नसतील. गावाशी पोचलो तेव्हा गारा सुरू झाल्या. घोंगड्याची चौघडी डोक्यावर घेऊन घर गाठलं. आई पडवीत दाराशी बसली होती. पाय आत घेऊन तिनं मला वाट दिली.

लांडग्यांचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्याला पाणी होतं आणि ठसे सगळे धुऊन गेले होते.

कापड सुकायला अंगणात दोरीवर टाकलं होतं. दुपारी शाळेतून आलो तर आईनं ते काढून घडी घातली होती, पिशवीत भरलं होतं, आणि पिशवी एका हातात धरून ती बाजेवर बसली होती. भाजी जोखावी तशी तिनं ती दोनदा वर-खाली केली.

"एवढंच व्हय?" तिनं विचारलं.

म्हटलं, एवढंच.

"आन पानी लागत न्हाई?"

म्हटलं, एका जोडातून जरासं येतं, तेही फार झड लागली तर.

तिनं बाजेकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि हातानं बाजेची लांबी दाखवत म्हणाली, "मला असलंच एक शिवून आन. पावसाळ्यात आत यायची गरज न्हाई."

कापड पुण्याहून आलं आहे. शिंप्याकडे टाकलं आहे. पण दिवाळीची गर्दी, आणि त्याला ते कापड पहिल्यापासूनच आवडत नाही. तुळशीच्या लग्नानंतर देतो म्हणाला आहे.